मुक्तस्रोत लायब्ररींचे नूतनीकरण

वापरात असलेल्या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) लायब्ररीचा, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडसंग्रहाचा, कोड, तिचे काम न बदलता, प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या प्रमाणकानुसार (अधिकृत नियमांनुसार) पुन्हा लिहिणे.

आरंभाबाबत एकमत नाही. फोर्ट्रान भाषेच्या ‘फोर्ट्रान ७७’ (१९७८) या प्रमाणकानंतर जुना गणिती कोड बदलला गेला, तेव्हापासून ही प्रथा धरता येते. कोड सर्वांना खुला असण्याची अट लावल्यास मात्र सी भाषेचे १९८९ चे आन्सी (अमेरिकी मानक संस्थेचे) प्रमाणक हा आरंभ अधिक सयुक्तिक वाटतो. या प्रमाणकाने फंक्शनच्या घोषणेतच प्राचलांचे (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या मूल्यांचे) प्रकार सांगण्याची सोय केली. जुन्या कोडमध्ये अशा घोषणा घालून देणारे ‘प्रोटोआइझ’ हे साधन जीसीसी या कंपायलरसोबत (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामसोबत) मिळे (२०१० मध्ये वगळले). नवा कोड जुन्या कंपायलरसाठी उलट फिरवणारे ‘आन्सी२केएनआर’ही वापरात होते. म्हणजे जुन्याला किती काळ सांभाळायचे, हा वाद तितकाच जुना आहे.

सी++ भाषेतील ‘ऑटो_पीटीआर’ या प्रकाराच्या पॉइंटरची (स्मृतीतील जागेचा पत्ता ठेवणाऱ्या चलाची) प्रत काढली की मूळ पॉइंटर गुपचूप रिकामा होई. सी++११ या प्रमाणकाने ‘ऑटो_पीटीआर’ कालबाह्य ठरवून ‘युनिक_पीटीआर’ दिला, सी++१७ ने ‘ऑटो_पीटीआर’ काढूनच टाकला. असे बदल क्लँग-टायडी हे कोड तपासणारे साधन बरेचसे आपोआप करते. पण ‘ऑटो_पीटीआर’ लायब्ररीच्या हेडरमध्ये (वापरणाऱ्यांसाठीच्या घोषणांच्या फाइलमध्ये) उघड असेल तर वापरणाऱ्यांचा कोडही मोडतो.

पायथन भाषेच्या आवृत्ती २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. पायथन २ चा कोड ३ मध्ये बदलणाऱ्या ‘२टू३’ या साधनाने ‘प्रिंट’ आज्ञेसारखे बदल सहज होत, पण बाइट (साठवणीचे एकक) कुठे आणि मजकूर कुठे, हे माणसालाच ठरवावे लागे. यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधील ‘खानदेश’ या शब्दाची लांबी पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगला (मजकुराला) १८ बाइट येई, पायथन ३ मध्ये मात्रा वेगळ्या धरून ६ चिन्हे येते. वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात ४. बाइट मोजून मजकूर कापणाऱ्या जुन्या लायब्ररीत देवनागरी अक्षर मधोमध तुटते ते यामुळेच.

खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार) महाविद्यालयांत, राज्यात इतरत्र होते तसे, टर्बो सी++ हे जुने कंपायलर बराच काळ टिकले. ते १९९८ च्या पहिल्या सी++ प्रमाणकाच्याही आधीचे. त्यातले ‘आयओस्ट्रीम.एच’ हे हेडर आजचे कंपायलर सहसा स्वीकारत नाहीत, त्यामुळे तेथील विद्यार्थ्याचे पहिले नूतनीकरण बहुधा स्वतःच्या जर्नलमधील प्रोग्रामचेच असते. अहिराणीचा प्रश्न निराळा. भाषांना संकेत देणाऱ्या आयएसओ ६३९-३ या प्रमाणकात तिला ‘एएचआर’ हा तीन अक्षरी संकेत आहे, मराठीच्या ‘एमआर’सारखा दोन अक्षरी नाही. दोनच अक्षरे गृहीत धरणाऱ्या लायब्ररीत तिची नोंद करता येत नाही, आणि हा दोष नव्या प्रमाणकाचा कंपायलर दाखवून देत नाही.