खिशातल्या गोळीची पूर्वकथा

१९१२ साली एक डच व्यापारी हृदयतज्ज्ञ कारेल वेंकेबाख यांच्याकडे आला. मधूनच धडधड सुरू व्हायची आणि नाडीला ताल म्हणून उरायचा नाही. आज ज्याला आपण एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो तेच. हे थांबवणं डॉक्टरांच्या हातात नाही, असं ऐकल्यावर त्याने उद्या सकाळी नाडी सुरळीत करूनच येतो असं सांगितलं, आणि खरोखर तसा आला. हिवतापाच्या मुलखात क्विनीन हे ऊठसूट घ्यायचं औषध. एकदा धडधडीतच ते घेतलं असताना, एक ग्रॅम पोटात गेलं की पंचवीसेक मिनिटांत ठोके ताळ्यावर येतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

वेंकेबाख यांनी ते उडवून लावलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. इतर रुग्णांवर गुण क्वचितच आला, तरी १९१४ मध्ये त्यांनी हा अनुभव छापला. तोच धागा धरून जर्मनीतल्या वाल्टर फ्राय यांनी १९१८ मध्ये, क्विनीन ज्या सिंकोना झाडाच्या सालीतून मिळतं त्याच सालीतलं क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचं दाखवलं.

पुढे औषध रुग्णाच्या हातून गेलं, आणि कारण रास्त होतं. क्विनिडीनने काहींचे ठोके भलतेच बिघडत, माणूस शुद्ध हरपून कोसळे. त्यामुळे गोळी ईसीजीच्या देखरेखीखालीच, आणि त्रास सुरू झाला की रात्री-अपरात्री इस्पितळ गाठायचं.

२००४ मध्ये इटलीतल्या पाओलो अल्बोनी यांच्या गटाने हे चित्र बदललं. हृदयाचा दुसरा गंभीर आजार नसलेल्यांना फ्लेकेनाइड किंवा प्रोपाफेनोन या ठोके ताळ्यावर आणणाऱ्या औषधाचा पहिला डोस इस्पितळात दिला. तो मानवला त्यांनाच गोळी सोबत देऊन घरी धाडलं. वेळीच गोळी घेतलेल्या ५६९ झटक्यांपैकी ५३४ थांबले. या सगळ्या रुग्णांच्या मिळून तातडीच्या विभागातल्या महिन्याच्या खेपा ४५.६ वरून ४.९ वर आल्या.

आपल्याकडे मात्र गोष्ट निराळी. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाली आणि त्यात ठोके अनियमित, असे रुग्ण इथे बरेच. त्यांना ही खिशातली गोळी चालत नाही. त्यांचा मुख्य धोका रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांनी आयएनआर तपासणीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पुन्हापुन्हा पाहण्याचा, व्याप सुटेल अशी आशा होती, पण २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत या रुग्णांमध्ये रिव्हारॉक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुनी व्हिटॅमिन-के-विरोधी औषधंच सरस ठरली. म्हणजे ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन आलं, आणि त्यामागोमाग वहीही: तारीख, आयएनआर, आज अख्खी गोळी की अर्धी. व्हिटॅमिन के असलं तरी मेथी-पालक सोडायचा नसतो, फक्त एका आठवड्यात जुडीच्या जुडी आणि पुढच्यात काहीच नाही असं करायचं नसतं. नाडी मोजायची ती अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंदांची चौपट केली तर बेताल नाडी हमखास फसवते.