जास्त ओहम म्हणजे चांगला हेडफोन?

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) कानात नीट उतरावी म्हणून घरच्या ध्वनिसंचावर हौसेने खर्च करणाऱ्या सांगली-मिरजेच्या श्रोत्यांतही एक समज आढळतो: हेडफोन जितक्या जास्त ओहमचा, तितका तो सरस, आणि त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवाच. हा समज चुकीचा आहे. ओहम हे केवळ विद्युतरोधाचे माप असून, आवाज किती मोठा मिळेल हे हेडफोनच्या संवेदनशीलतेवरही, म्हणजे दिलेल्या विजेतून तो किती आवाज काढतो यावरही ठरते. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टवर सुमारे ९७ डेसिबल आवाज देतो आणि त्यासाठी जेमतेम ३.३ मिलीवॉट शक्ती घेतो; उलट हायफायमॅन एचई-६ हा अवघ्या ५० ओहमचा असूनही जवळपास तेवढ्याच आवाजासाठी २० मिलीवॉट मागतो. (९७ डेसिबलच्या पातळीवर तासभर ख्याल ऐकणे कानांच्या हिताचे नाही, हा भाग वेगळा.)

अ‍ॅम्प्लिफायर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जुन्या रिसीव्हरच्या (रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेल्या संचाच्या) हेडफोन-जॅकचा स्वतःचा रोध बराच मोठा असेल, तर कमी ओहमच्या काही हेडफोनांचा खर्ज (खालच्या स्वरांचा आवाज) प्रमाणाबाहेर फुगतो, आणि तेथे कमी रोधाचा अ‍ॅम्प्लिफायर लावल्यास फरक खरोखर ऐकू येतो.