खुनी कोण ते माहीत असूनही

जुना रहस्यपट टीव्हीवर लागला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "शेवट ठाऊक आहे, आता काय बघायचं?" मला हा समज मुळापासून चुकीचा वाटतो. 'पाठलाग' 1964 साली मराठीत आला आणि दोन वर्षांनी त्याच कथेवरचा 'मेरा साया' हिंदीत गाजला. खुनी कळला की रहस्यपट संपला असं असतं, तर हे चित्रपट कधीच विस्मरणात गेले असते. उत्सुकता हे त्यांचं एक बळ झालं. दुसरं आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला दडलेलं आहे, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

डोळ्यांनी टिपलेलं चित्र मेंदूच्या अगदी मागच्या भागात पोचतं. तिथे कॅल्करीन नावाची एक खोल घडी आहे आणि तिच्या काठांवर समोरच्या दृश्याचा अक्षरशः नकाशा असतो. तो पहिल्यांदा उलगडला तात्सुजी इनोये या जपानी नेत्रवैद्याने. रशिया-जपान युद्धात (1904-05) डोक्यात गोळी लागूनही वाचलेले सैनिक त्याने तपासले. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली आणि सैनिकाला समोरचा नेमका कोणता भाग दिसेनासा झाला, याचा त्याने मेळ घातला. हा तपास कुठल्याही पडद्यावरच्या गुप्तहेराला शोभेल असाच होता!

या नकाशात सगळ्या भागांना सारख्या प्रमाणात जागा नाही. महाराष्ट्राच्या नकाशात एकट्या पुणे जिल्ह्याला निम्मा कागद द्यावा, तसं नजरेच्या मध्यबिंदूभोवतीच्या लहानशा भागाला इथे निम्म्याच्या आसपास जागा मिळते. हा मधला भाग घडीच्या मागच्या टोकाला येतो, तर कडेचं दृश्य पुढच्या टोकाकडे.

आता प्रयोग. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी (2015) लोकांना एफएमआरआय या मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या यंत्रात झोपवून थरारपटांतले प्रसंग दाखवले. त्यात थरारपटांचा नामवंत दिग्दर्शक हिचकॉक याचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'ही होता. पडद्याच्या कडेने बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी सतत लुकलुकत होती. प्रसंगातला ताण वाढला की घडीच्या पुढच्या भागातली, म्हणजे कडेचं पाहणारी हालचाल मंदावायची आणि मागच्या भागातली वाढायची. ताण सैलावला की उलट. नक्षी तशीच लुकलुकत होती, मेंदूच तिची दखल कमी घेत होता.

हे यंत्र विचार वाचत नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनमधले बदल मोजतं, तेही काही सेकंद उशिराने. म्हणून मेंदूचं रंगीत चित्र दाखवून 'रहस्यपट पाहा, बुद्धी वाढवा' असं सांगणाऱ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नये.

मग शेवट माहीत असला तर? हिचकॉकच्या एका टीव्ही कथेत लहान मुलगा भरलेलं पिस्तूल खेळणं समजून गावभर फिरतो. प्रेक्षकाला धोका सुरुवातीलाच कळलेला असतो, पडद्यावरच्या बहुतेकांना नसतो. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात ही कथा पाहणाऱ्यांच्या मेंदूबाह्यकाचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) 65 टक्क्यांहून अधिक भाग सगळ्यांमध्ये एकाच लयीत चालताना दिसला. एका बागेचं न कापलेलं, साधं चित्रीकरण पाहताना हाच आकडा 5 टक्क्यांच्याही खाली होता. प्रेक्षकाला धोका माहीत असूनही दिग्दर्शकाची पकड सुटली नव्हती.

जुने दिग्दर्शक हे प्रयोगाविना जाणत होते. अंधारात एकच चेहरा उजळायचा, कॅमेरा दाराच्या मुठीवर रोखायचा: नजर आपोआप मध्यावर येते. धागादोरा मात्र बरेचदा ताण नसलेल्या प्रसंगात, चौकटीच्या कडेला ठेवलेला असतो. कुणी चहा ओततंय, कुणी कोट खुंटीला अडकवतंय, आणि मागे खिडकी उघडी आहे. पहिल्या वेळी आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. दुसऱ्यांदा पाहताना मुद्दाम कडेला नजर ठेवा. ती खिडकी सुरुवातीपासूनच उघडी होती हे दिसेल.