टॅपेट वाजतात, पण दुखणं तेलाचं असतं

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरला, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी गाडी चालू होताना टकटक करते आणि चार-पाच सेकंदांत गप्प होते. त्यात बिघाड काही नाही. रात्रभरात खाली उतरलेलं तेल पुन्हा वर पोचेपर्यंतचा तो आवाज. इंजिन तापल्यावरही टकट‍क थांबली नाही, तर मात्र लक्ष घालायला हवं. अशा वेळी ‘टॅपेट गेले’ म्हणत नाना पेठेतून नवा सेट आणायची घाई होते. टॅपेट म्हणजे फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या झडपेपर्यंत, पोचवणारा छोटा भाग. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी तेलाची चौकशी करा.

इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. तिला वाव ठेवला नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणून साध्या टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी फट ठेवतात आणि ती अधूनमधून गेज घालून तपासावी लागते. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक टॅपेट ही फट स्वतःच भरून काढतो. अमेरिकेत कॅडिलॅकने १९३० साली तो आपल्या १६ सिलिंडरच्या गाडीत बसवला. फियाटचं जे १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्या रांजणगावात बनत असे, त्यातही तो आहे. सगळ्या गाड्यांत मात्र नसतो, तेव्हा आधी आपल्या गाडीत कोणता टॅपेट आहे ते विचारून घ्यावं.

टॅपेट उघडला तर आत एक छोटा प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि भोकावर बसणारी बारीकशी गोळी दिसते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते आणि गोळीशेजारून तेल खालच्या पोकळीत शिरतं. कॅमचा दाब आला की गोळी भोक बंद करते. कोंडलेलं तेल दाबलं जात नाही, त्यामुळे सगळा टॅपेट घट्ट धातूसारखा वागतो. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंडावर बोट ठेवा, दट्ट्या हलत नाही. हवेचा बुडबुडा असेल तर दट्ट्या लगेच आत जातो. टॅपेटमध्ये हवा शिरली की नेमकं हेच होतं. आयडलिंगला ८०० आरपीएमवर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, तितकेच ठोके ऐकू येतात.

हवा शिरते कुठून? तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. पातळी खुणेच्या वर गेली असेल तर क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो. म्हणून पहिली तपासणी डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीची. दुसरं कारण गाळ, आणि ते शहरी गाड्यांत फार दिसतं. कोथरूडहून डेक्कनपर्यंत जाऊन गाडी बंद केली, तर तेल पुरतं तापतही नाही. त्यातली वाफ आणि इंधन उडून जात नाही आणि गाळ साचत जातो. किलोमीटर कमी झाले म्हणून तेल बदलणं लांबवणं इथेच नडतं. प्लंजर आणि त्याच्या घराच्या मध्ये काही मायक्रॉनचीच जागा असते, तिथे थोडा चिकटाही प्लंजर अडकवायला पुरतो.

‘जाड तेल घाला, आवाज बसेल’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडचं तेल सांगितलेल्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० घातलं, तर थंडीत ते वर पोचायला उलट वेळ लागतो. योग्य ग्रेडचं तेल आणि चांगला फिल्टर घालावा, पाच-सातशे किलोमीटर चालवावं, आणि गाळ फार असेल तर ते तेलही लवकर बदलावं. इंजिन आतून धुणारं द्रव घालून एकदम जोरदार फ्लश केला तर सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकू शकतो. तरीही आवाज राहिला, तर ऑइल प्रेशर गेज लावून मोजून घ्यावं.

त्यानंतरच टॅपेट कव्हर उघडावं. दाबल्यावर स्पंजासारखा लागणारा टॅपेट दोषी. काढलेले टॅपेट ज्याच्या त्याच्या जागी परत बसतील असे ओळीने, उभे ठेवावेत. रॉकेलमध्ये धुऊन, बारीक तारेने गोळी हलकेच दाबत स्वच्छ तेल भरता येतं. कॅमचा उंचवटा झिजला असेल, तर नवा टॅपेटही वाजणार.

टॅपेट वर ताणलेल्या स्थितीत अडकला, तर आवाज येत नाही. व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, इंजिन मिस मारतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. म्हणून नवे किंवा भरलेले टॅपेट बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. जादा तेल झिरपून प्लंजर खाली बसायला साधारण अर्धा तास द्यावा, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो.