दोरी कापून दाखवली म्हणजे पोलाद कळलं असं नाही

माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात सात हजार रुपयांचा घडीचा चाकू घेतला. सह्याद्रीत ट्रेकला जातो तो, दोरी कापायला, काकडी चिरायला, कधी काठी तासायला लागतो, आणि हौसही आहेच. घेण्याआधी तीन रात्री जागून यूट्यूबवर व्हिडिओ बघितले, आणि त्यातल्या एकात एका अमेरिकन माणसाने दोन चाकू घेऊन एकच जाड दोरी कापत कापत मोजून दाखवलं होतं की पहिल्याची धार १८० कापांनंतर गेली आणि दुसऱ्याची २३० नंतर. झालं, २३० वाला मागवला. मग मला म्हणाला, मामा, तू तर याच लाइनमधला, बरोबर घेतला ना मी?

मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करायच्या, शॉपमध्ये २२ वर्षं आहे. भट्टीतून निघालेल्या जॉबचा हार्डनेस, म्हणजे कडकपणा, काढणं हे रोजचं काम, त्यामुळे तो प्रश्न डोक्यातून जाईना आणि मी ते सगळे व्हिडिओ बसून बघितले. माझं मत असं झालं की त्यातली बरीच माणसं प्रामाणिक आहेत, मनापासून करतात, पण १८० आणि २३० मधला फरक पोलादाचाच आहे हे त्यांना स्वतःलाही कळायला मार्ग नाही.

आधी पैशाचं उरकून टाकतो, कारण सगळे पहिलं तेच विचारतात की हे लोक कंपनीकडून पैसे घेतात का. काही घेतात, काहींना चाकू फुकट येतो, काहींना खालच्या लिंकवरून कोणी विकत घेतला की कमिशन मिळतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे की असं काही असेल तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगायचं, आणि आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशाच सूचना काढल्यात, फुकट मिळालेली वस्तूसुद्धा त्यात धरली जाते. सांगितलं असेल तर चांगलंच. पण समजा एक पैसाही न घेता, स्वतःच्या खिशातून चाकू आणून कोणी व्हिडिओ केला, तरी माझा मुद्दा तसाच राहतो, कारण अडचण मोजण्यात आहे.

व्हिडिओत पहिल्या मिनिटाला पोलादाचं नाव येतं. एम३९०, एस३०व्ही, डी२, ८सीआर१३एमओव्ही. आणि मग पुढची वीस मिनिटं त्या नावावरच सगळं चालतं, जणू नाव कळलं म्हणजे चाकू कळला. पण हे नाव म्हणजे फक्त आत काय काय घातलंय त्याची यादी, कार्बन इतका, क्रोमियम इतकं, व्हॅनेडियम इतकं. पीठ कुठल्या गिरणीचं ते सांगितल्याने भाकरी कशी झाली ते कळत नाही, तवा आणि हात कोणाचा ते बघावं लागतं, तसंच आहे हे.

शाळेत आपण शिकलो की पोलाद म्हणजे लोखंडात थोडा कार्बन. आपले लोहार म्हणायचे "पातं पाणी दिलेलं आहे", त्या पाणी देण्यात सगळा खेळ आहे. पोलाद लालभडक तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कार्बनला शिरायला जागा मिळते. मग झटकन थंड केलं की लोखंडाला परत जुन्या मांडणीत जायचं असतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो, आणि ती ताणलेली, अडकलेली अवस्था म्हणजे मार्टेन्साइट. कडक, पण ठिसूळ. म्हणून ते परत हलकं तापवतात, अशा पात्यांसाठी बऱ्याचदा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याला टेंपरिंग म्हणतात. चाकूच्या या भारी पोलादांना आधी साधारण १,०५० ते १,१५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि तिथे ३०-४० अंशांचा फरक पडला, किंवा दहा मिनिटं कमीजास्त झाली, किंवा थंड करताना ढिलाई झाली, की कार्बाइड (कार्बनचे कडक कण) किती विरघळलं आणि ऑस्टेनाइट (ती तापलेली मांडणी) किती शिल्लक राहिलं ते बदलतं आणि त्याच नावाचं, त्याच गिरणीतलं पोलाद तीन-चार रॉकवेल अंकांनी मऊ निघतं. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, भट्टीचा एक थर्मोकपल चुकीचं तापमान दाखवायला लागला की आमची अख्खी बॅच परत करावी लागते.

हे तीन-चार अंक म्हणजे किती ते सांगतो. कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन ह्यू आणि स्टॅनली रॉकवेल यांनी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये काढलं, पेटंटचा अर्ज १९१४ चा, बॉल बेअरिंगच्या कड्या तपासायला. सी स्केलवर हिऱ्याचं टोक आधी १० किलोच्या भाराने टेकवतात, मग भार १५० किलोपर्यंत नेतात, परत कमी करतात, आणि टोक किती जास्त खोल गेलं ते मोजतात. एक अंक म्हणजे २ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ५८ चं पातं आणि ६१ चं पातं यात खड्ड्याच्या खोलीचा फरक ६ मायक्रॉनचा, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज करा. हे कॅमेऱ्याला दिसणार नाही, हाताला कळणार नाही, आणि ज्याच्याकडे मशीन नाही तो डब्यावर छापलेला आकडा वाचून दाखवणार, दुसरं काय करणार तो? काही हौशी लोकांनी चाकू प्रत्यक्ष मशीनवर नेले तेव्हा छापलेल्यापेक्षा कमी आकडे निघाल्याची उदाहरणं आहेत. उलट स्विस व्हिक्टोरिनॉक्स स्वतःच सांगते की आमचं पातं ५६ चं, कारण त्यांना सहज धार लावता येणारं आणि न तुटणारं पातं हवंय, आणि तो चाकू जगभर लोक वर्षानुवर्षं वापरतात.

आता कार्बाइड. क्रोमियम, व्हॅनेडियम हे कार्बनशी जोडी जमवून बारीक कण करतात, मार्टेन्साइटमध्ये ते खडीसारखे बसलेले असतात. विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या स्केलवर मार्टेन्साइट साधारण ७०० ते ८००, वाळूतलं क्वार्ट्ज ११०० च्या आसपास, क्रोमियम कार्बाइड १५०० च्या आसपास आणि व्हॅनेडियम कार्बाइड २८०० च्या घरात. म्हणजे पुठ्ठ्यात किंवा धुळकट दोरीत वाळूचा कण आला तर तो मार्टेन्साइटला ओरखडतो पण व्हॅनेडियम कार्बाइडला ओरखडू शकत नाही, म्हणून व्हॅनेडियमवाली पोलादं धार धरतात. हे खरं आहे, हाइप नाही. फक्त तेच कण धार लावणाऱ्यालाही त्रास देतात, साधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगडसुद्धा व्हॅनेडियम कार्बाइडपेक्षा मऊ, तिथे हिऱ्याची पट्टीच लागते, आणि हे किती व्हिडिओत सांगतात?

पण मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते कोनाबद्दल. धार म्हणजे शेवटी दोन उतार एका रेषेत भेटतात ती जागा. कापत गेलं की ते टोक झिजून सपाट होतं. समजा ती सपाटी ५ मायक्रॉन रुंद झाली की आपण म्हणायचं धार गेली. एका पात्याला दोन्ही बाजूंनी १५-१५ अंशांचा उतार आहे आणि दुसऱ्याला १९-१९ चा. दहावीची त्रिकोणमिती आठवा, टोकापासून किती खोल झिजल्यावर ५ मायक्रॉनची सपाटी येते ते म्हणजे ५ भागिले २ टॅन कोन. टॅन १५ म्हणजे ०.२६८, टॅन १९ म्हणजे ०.३४४. पहिलं पातं ९.३ मायक्रॉन झिजावं लागतं, दुसरं ७.३ मायक्रॉनमध्येच तिथे पोचतं. आणि झिजून गेलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं, अर्धा गुणिले पाया गुणिले उंची, तर पहिल्याचं २३.३ चौरस मायक्रॉन, दुसऱ्याचं १८.२. गुणोत्तर जवळजवळ १.२८. म्हणजे पोलाद तेच, हीट ट्रीटमेंट तीच, दर कापाला झीजही तेवढीच धरली, तरी १९ अंशांच्या पात्याचे १८० काप झाले तर १५ अंशांच्या पात्याचे २३० होतात. तोच आकडा! भाच्याने ज्याच्यावर सात हजार टाकले तो सगळा फरक नुसत्या ४ अंशांतून निघू शकतो, आणि वर बारीक कोनाला दाबायला जोरही कमी लागतो तो फायदा मी अजून धरलेलाच नाही. अर्थात कोन कमी करत गेलं की धार वळते किंवा कणी उडते, म्हणून तो हवा तेवढा कमी करता येत नाही, ते पोलादाच्या चिवटपणावर आहे.

मी बघितलेल्या १४ व्हिडिओंपैकी दोघांनी कोन सांगितला. दोघांनी. बाकीच्यांनी कंपनीची धार आहे तशी वापरली, आणि त्यात आणखी एक गोम आहे. कारखान्यात शेवटची धार बेल्टवर लावतात, बऱ्याचदा कोरड्या, आणि टोकाला पोलाद इतकं पातळ असतं की उष्णतेला पळायला जागाच नसते. टेंपरिंग २०० अंशांवर केलेलं असेल आणि घासताना टोक त्याच्या वर गेलं तर तेवढीच कड मऊ होऊ शकते. म्हणून नवीन चाकू पहिल्या दोन-तीन वेळा दगडावर लावला की धार जास्त टिकायला लागली असं होतं, खालचं न भाजलेलं पोलाद वर आलेलं असतं. व्हिडिओवाला नवा डबा उघडून तीच भाजलेली कड तपासतो आणि निकाल पोलादाच्या नावावर टाकतो.

हे नीट करता येतं का, तर येतं. इंग्लंडमध्ये शेफील्डला कॅट्रा नावाची संस्था आहे, १९५२ पासूनची, त्यांच्या मशीनवर पातं उलटं धरून त्यावर ५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूची पूड, असलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा ठरलेल्या भाराने टेकवतात, ६० वेळा मागेपुढे कापतात आणि एकूण किती मिलिमीटर कागद कापला ते मोजतात. त्याला आयएसओ ८४४२-५ हे मानक आहे. लॅरिन थॉमस हे अमेरिकी धातुशास्त्रज्ञ, २०२१ साली आलेलं मॅग्नाकट पोलाद त्यांनीच तयार केलं, त्यांनी कितीतरी पोलादं सारख्या कोनात घासून, हार्डनेस मोजून या पद्धतीने तपासली आहेत, आणि त्यातही कोनाचा परिणाम ठळक दिसतो. आणि हेसुद्धा वाळूवाल्या कागदावरचं मोजमाप आहे, टोमॅटो चिरताना किंवा लाकूड तासताना क्रम बदलू शकतो.

एक चाकू, एक दोरी, एक हात, एक दिवस, यावरून निष्कर्ष काढायची सवय आपल्याला फक्त यूट्यूबनेच लावली असं नाही. ग्रहणात गरोदर बाईने चाकू-विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटका निघतो हे अजून आपल्या घरांत सांगतात, माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि पुरावा काय तर कुणाच्या तरी नात्यातलं एक मूल. ज्यांनी ग्रहणात चिरलं आणि ज्यांची मुलं ठणठणीत आहेत त्यांना कोणी मोजतच नाही. दुभंगलेला ओठ गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत चेहरा जुळताना काही अडलं तर राहतो, सूर्याआड कोण आलं त्याचा संबंध नाही. ग्रहणात गरोदर बायांना उपाशी अंधारात बसवणं थांबलं पाहिजे.

तसंच ते दमास्कस. पात्यावर लाटा दिसल्या की किंमत दुप्पट. आजचं बहुतेक दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर ठोकून ॲसिडमध्ये बुडवलेले, दिसायला सुंदर, पण कापायचं काम ती नक्षी करत नाही. खरं जुनं पोलाद वूट्झ, ते आपल्या दख्खनच्या बाजूला, तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून व्हायचं आणि पार इराणपर्यंत जायचं, त्यातली नक्षी कार्बाइडच्या रांगांची होती, आणि अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ व्हर्होवेन आणि लोहार पेंड्रे यांनी दाखवलं की खनिजातलं अगदी किंचित व्हॅनेडियम त्या रांगा जुळवायला पुरत होतं. वीस मिनिटांच्या व्हिडिओत हे दोन मिनिटं सांगायला काय हरकत आहे.

मग या लोकांचं ऐकायचं कशासाठी? जे डोळ्याला दिसतं आणि हाताला कळतं त्यासाठी जरूर ऐका. पातं उघडल्यावर डुलतं का, लॉक पूर्ण बसतो का, मुठीची कड तळहाताला टोचते का, एका हाताने बंद होतो का, क्लिप खिसा फाडते का, बंद केल्यावर पातं मध्ये बसतं का. हे सगळं कॅमेरा दाखवतो आणि दोनशे चाकू हाताळलेल्या माणसाला ते आपल्यापेक्षा नक्की जास्त कळतं. धारेबद्दल बोलणाऱ्यांत मी त्यालाच कान देतो जो आधी दगडावर स्वतः धार लावतो, कोन सांगतो, दोन्ही चाकू त्याच कोनात आणतो, आणि एकदा मोजून थांबत नाही. आणि वर्षभर वापरून केलेला व्हिडिओ असेल तर तो आधी, डबा उघडण्याचा नंतर.

भाच्याचा चाकू मी शॉपमध्ये नेला. पात्याच्या मुठीजवळच्या, दोन्ही बाजू समांतर असलेल्या भागावर हार्डनेस काढला, डब्यावर ६० ते ६२ लिहिलं होतं, तीन जागी घेतला आणि सरासरी ५८.५ आली. भाच्याचा चेहरा पडला. मग रविवारी बसून आम्ही हिऱ्याच्या पट्टीवर त्याची धार २१ वरून १६ अंशांवर आणली, दीड तास गेला. आता त्याने घरात येणारे सगळे पुठ्ठ्याचे बॉक्स साठवलेत, एकाच जाडीच्या पट्ट्या कापतो आणि वहीत आकडे लिहितो. कंपनीच्या धारेवर ९४ पट्ट्यांनंतर कागद अडकायला लागला होता. नव्या धारेची पहिली फेरी १५१ ची झाली, दुसरी १३८ ची. तिसरी फेरी पुढच्या रविवारी, बॉक्स संपलेत.