पुसण्याआधीच कुलूप

लिनक्स या संगणकप्रणालीवर फाइल डिलीट करून कचरापेटीही रिकामी केली, तरी जाते ती मुख्यतः नोंद. फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, नाव खोडते, जागा मोकळी म्हणून मांडते. मजकूर मात्र पडून राहू शकतो.

यावर जुना उपाय म्हणजे 'श्रेड' ही आज्ञा. ती फाइलवर तीन वेळा भलतंसलतं लिहिते. संगणक-सुरक्षेचे संशोधक पीटर गुटमन यांनी १९९६ साली तर ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली होती. ती त्या काळच्या डिस्कांसाठी होती, आजच्या डिस्कांवर तिचा उपयोग नाही, हे पुढे त्यांनीच सांगितलं. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर अडचण मुळातच आहे. पेशी समान झिजाव्यात म्हणून तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) नवं लिखाण दुसऱ्याच पेशींत नेतो. आपण 'त्याच जागी' लिहिलं असं वाटतं, जुना मजकूर बाजूला तसाच. शिवाय फोटोची छोटी प्रतिमा, स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) उतरलेला तुकडा यांना कोण शोधणार? म्हणून राइट-क्लिकच्या मेनूत 'कायमचं पुसा' हा पर्याय आला, तरी मला तो खोटा दिलासाच वाटतो.

त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून सगळंच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं, लिहावं. लिनक्समध्ये हे काम 'लक्स' ही डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत करते. डिस्कच्या सुरुवातीला हेडर नावाचा एक छोटा भाग असतो. त्यात मजकुराची खरी किल्ली आपल्या पासवर्डने बंद करून ठेवलेली असते. म्हणूनच पासवर्ड बदलताना अख्खी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. आणि डिस्क निकालात काढताना 'क्रिप्टसेटअप इरेज' एवढी आज्ञा पुरते: किल्ली गेली की उरतो तो गोंगाट. गंमत म्हणजे लक्स ती किल्ली मुद्दाम ४,००० पट फुगवून साठवतं. त्यातला थोडासा भाग नष्ट झाला तरी किल्ली जुळत नाही, त्यामुळे डिस्कने एखादा तुकडा कुठे मागे ठेवला तरी बिघडत नाही. हेडरची प्रत दुसरीकडे काढून ठेवली असेल, तर मात्र तीही नष्ट करायला हवी.

डेस्कटॉपवर हे सोपं व्हायचं तर ते इन्स्टॉलरमध्येच व्हावं. उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत तो पर्याय आहे, फक्त तो आपल्याला निवडावा लागतो. पेनड्राइव्हसाठी नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या 'डिस्क्स' अॅपमध्ये फॉरमॅट करतानाच पासवर्ड देता येतो. मात्र झाकण लावून नुसता झोपवलेला लॅपटॉप सहसा किल्ली रॅममध्येच बाळगून असतो. प्रवासात तो पूर्ण बंद केलेला बरा.