एका गोळीसाठी चार-पाच परवाने

मध्य प्रदेशात नीमचच्या आसपास अफूची कायदेशीर शेती होते आणि नीमचलाच अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. अफूतून निघणारं मॉर्फिन हे कॅन्सरच्या असह्य वेदनांवरचं स्वस्तातलं औषध. तरीही आपल्याकडचा रुग्ण वर्षानुवर्षं त्याच्यावाचून तळमळत राहिला.

याचं मूळ १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात आहे. तो काळ गर्दचा. ब्राउन शुगरच्या पुड्यांपायी घरंच्या घरं उद्ध्वस्त होत होती; पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते त्याच धगीतून. कायद्याच्या डोळ्यांसमोर होता तस्कर. शिक्षा किमान १० वर्षं सक्तमजुरी. वैयक्तिक सेवनापुरतं अल्प प्रमाण वगळलं, तर माल किती सापडला याने फारसा फरक पडत नसे. प्रमाणानुसार शिक्षा ठरू लागली ती २००१च्या दुरुस्तीनंतर. रजिस्टरमध्ये दहा गोळ्यांचा हिशेब चुकला तर काय, या धास्तीने औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. त्यांना दोष कसा द्यायचा?

खरी मेख मात्र राज्यांच्या नियमांत होती. औषध बाळगणं, विकणं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हे सगळं राज्यांच्या अखत्यारीत, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाला चार-पाच परवाने लागत, तेही वेगवेगळ्या खात्यांचे: कुठे उत्पादन शुल्क, कुठे आरोग्य, कुठे औषध नियंत्रक. शिवाय सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली, की पुन्हा श्रीगणेशा. १९९७पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला.

१९९८मध्ये केंद्राने सुटसुटीत नियमांचा नमुना राज्यांकडे धाडला. केरळने तो मनावर घेतला, तिथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वेदनाशमनाच्या कामाला आधीच लागले होते. बाकी अनेक राज्यांत फाइल हलेना. शेवटी २०१४मध्ये संसदेनेच कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशा मोजक्या औषधांचा वेगळा गट केला आणि त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरते. कागद बदलला; दुकानदाराची धास्ती तेवढ्या लवकर जात नाही.

व्यसनावरच्या उपचारांतही हाच संशय दिसतो. पंजाबने २०१७मध्ये बाह्यरुग्ण केंद्रं काढली. तिथे अफू-हेरॉइनच्या व्यसनावरची ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी रोज कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची. घरी दिली तर ती बाजारात जाईल, ही भीती. पण रोजंदारीवरच्या माणसाने रोज कामाचा खाडा करून रांगेत कसं उभं राहायचं? २०२०च्या टाळेबंदीत रांगच अशक्य झाली, तेव्हा काही दिवसांच्या गोळ्या घरी द्याव्याच लागल्या.